फ्लायव्हील बदलताना ग्राहकाला अंधारात ठेवू नका

नाशिक : मुंबई-आग्रा महामार्गावरील या शहरात क्लचचे काम कोणत्याही गॅरेजला नवे नाही. मात्र आता बऱ्याच डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असते आणि ते निकामी झाले की खर्चाचा प्रश्न उभा राहतो.

त्याचा एक भाग क्रँकशाफ्टला व दुसरा क्लचला जोडलेला असतो. मध्ये लांब, कमानदार स्प्रिंगा व ग्रीस असते. इंजिनाचे हिसके या स्प्रिंगा झेलतात. जर्मनीच्या लुक कंपनीने १९८५ साली याचे उत्पादन सुरू केले. स्प्रिंगा थकल्या की इंजिन चालू-बंद करताना खडखड ऐकू येते.

नवे दुहेरी फ्लायव्हील महाग पडते, म्हणून ग्राहक एकसंध बसवायला सांगतो. ते स्वस्त व टिकाऊ असते. पण हिसके झेलणाऱ्या स्प्रिंगा गेल्या, हे विसरू नये. त्यासोबत स्प्रिंगांची, त्याच जोडीची क्लच प्लेट घालावीच लागते. तरीही माल भरून कसारा घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये इंजिन दमले की गिअरबॉक्स खडखडू शकतो आणि त्याची झीज वाढते.

कारागीर बंधूंनो, हे काम करूच नये असे नाही. परंतु दोन्हींचे दर आणि दोन्हींचे परिणाम आधी सांगा. काय बसवले ते बिलावर स्पष्ट लिहा. गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती गेली, तर पुढच्या मिस्त्रीला योग्य प्लेट त्यावरूनच कळेल आणि तुमच्या नावाला बट्टा लागणार नाही.