पेट्रोलचा वास आणि तुळशीपुढचा दिवा

मोटारीची दुरुस्ती हा काही बायकांच्या साप्ताहिकात लिहायचा विषय नव्हे, असे तुमच्यापैकी कित्येकींना वाटेल. गेल्या श्रावणापर्यंत मलाही तसेच वाटत होते. गाडीत बसायचे, घाट लागला की मुलांसाठी आवळासुपारी आणि प्लॅस्टिकची पिशवी हाताशी ठेवायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध. मग एका सोमवारी सकाळी सासूबाई हातात काडेपेटी घेऊन तुळशीपुढे थबकल्या.

आमच्या सांगलीच्या घरात पोर्च आणि तुळशीवृंदावन यांत जेमतेम चार हातांचे अंतर. गाडी २००८ सालची. पंधरा वर्षे भरली तेव्हा तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. "चालतेय ना? मग कशाला विकायची!" हे मामंजींचे मत, आणि नव्या गाडीच्या किमती पाहिल्यावर ते आम्हालाही पटले. तर त्या सकाळी सासूबाईंनी निरांजनात वात घातली, काडी हातात घेतली आणि मला हाक मारली, "अगं, रॉकेलचा वास येतोय का गं?" आमच्या घरात रॉकेल येऊन कित्येक वर्षे झाली. मी बाहेर आले तर वास पेट्रोलचा, आणि गाडीखाली फरशीवर ताटाएवढा ओला डाग.

त्यांनी काडी ओढली नाही ही देवाचीच कृपा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. आपल्या गॅसच्या सिलिंडरमधला गॅस जसा जमिनीलगत साचतो तशीच ही वाफ फरशीवरून, मोरीच्या तोंडातून, उंबऱ्याच्या फटीतून पसरते. शिवाय तिला ऊन लागायला हवे असेही नाही. उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते, मग श्रावणातल्या सकाळची काय कथा! दिवा, उदबत्ती, विडी तर नाहीच, पण पोर्चमधल्या दिव्याचे बटणसुद्धा अशा वेळी दाबू नये. आणि "बघू सुरू होते का" म्हणून किल्ली फिरवणे हा तर सगळ्यांत मोठा वेडेपणा. आम्ही हँडब्रेक सोडून गाडी हातांनी ढकलत रस्त्यावर मोकळ्या हवेत नेली आणि फरशीवर बांधकामाची उरलेली वाळू टाकली. पाणी ओतायचा मोह मी आवरला, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आणखी पसरते.

कारण कळले तेव्हा मी कपाळाला हात लावला. उंदीर! बॉनेटखाली मागच्या भिंतीजवळून एक काळा, बोटापेक्षा बारीक प्लॅस्टिकचा पाइप जातो, तो मेल्याने कुरतडला होता. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ते झिजवायला त्याला काहीतरी लागतेच. त्यात पावसाळ्यात इंजिनाची ऊब. पोर्चच्या कोपऱ्यात मी दळणाच्या ज्वारीचे पोते ठेवले होते, हा माझाही गुन्हा.

मामंजी म्हणाले, "नळाला लावतो तसं एम-सील लावून टाका." आमचे हे म्हणाले, गॅरेजवाल्याला बोलावू. गॅरेजवाला आला, खराब तुकडा ब्लेडने कापून काढला, दोन्ही टोकांवर स्कूटरला असते तशी रबरी नळी चढवली, दोन क्लिपा आवळल्या आणि १५० रुपये घेऊन वीस मिनिटांत गेला. गळती थांबली. मी त्याला चहा दिला, वर कौतुकही केले.

यानंतर साधारण सहा आठवड्यांनी भावाच्या मुलीच्या बारशाला आम्ही चिपळूणला निघालो. मागे दोन्ही मुले आणि मी, डिकीत पाळण्याचे सामान. पाटण मागे पडले आणि कुंभार्ली घाटाच्या आधीच गाडी आचके द्यायला लागली. पाठोपाठ तोच वास! ह्यांनी गाडी कडेला घेऊन किल्ली बंद केली. मी मुलांना अक्षरशः दंडाला धरून ओढले आणि रस्त्यापलीकडे उभे केले. बॉनेट उघडले तर रबरी नळी एका टोकाने निसटलेली आणि पेट्रोल खाली, तापलेल्या सायलेन्सरच्या दिशेने ओघळत होते. मागून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून ओरडून सांगितले, "साहेब, हात लावू नका, थंड होऊ द्या!" त्याचे नावही विचारायचे राहिले. अर्ध्या तासाने गाडी टोचन करून पाटणला आणली आणि आम्ही एसटीने बारशाला गेलो. पाळणा म्हणताना माझा आवाज कापत होता, वहिनीला वाटले घसा बसलाय.

परतीच्या वेळी मी हट्ट धरला की मिस्त्रीकाका काम करतील ते माझ्या डोळ्यांसमोर. साठीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेले, शाळेत मी मुलांना शिकवते त्यापेक्षा कितीतरी शांतपणे त्यांनी मला शिकवले. मी पहिलाच प्रश्न विचारला, क्लिप आवळलेली असताना नळी निसटलीच कशी? ते म्हणाले, "वहिनी, घरात कुकर आहे ना? त्याची शिट्टी होते तेव्हा आत जेवढा दाब असतो, त्याच्या तिप्पट दाब या पाइपात."

हे मला अगदी घरातल्यासारखे कळले. जुन्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल हलकेच पुढे ढकलले जाई, तिथे साधी रबरी नळी वर्षानुवर्षे टिकायची. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतलाच विजेचा पंप पेट्रोल तीन किलोच्या आसपास दाबाने इंजिनाकडे पाठवतो. गाडी बंद केल्यावरही तो दाब बराच वेळ पाइपात राहतो, म्हणून तर आमची उभी गाडी रात्रभर ठिबकत होती. मूळचा पाइप नायलॉनचा, कडक आणि काचेसारखा गुळगुळीत. त्यावर मऊ रबर चढवून क्लिप कितीही आवळा, पकड बसायला खाच नाही, तेव्हा गाडीच्या थरथरीने आणि दाबाने ते इंचाइंचाने सरकत जाते. त्यातून स्कूटरची नळी एवढ्या दाबासाठी केलेलीच नसते. इंजेक्शनच्या रबरी नळीवर ‘आर ९’ असा शिक्का छापलेला असतो, तो नसेल तर दुकानदाराला ती परत द्यावी. पाणी भरायची पारदर्शक नळी तर मुळीच नको, पेट्रोलने ती थोड्याच दिवसांत ताठ होऊन तडकते. आणि एम-सील? गुळगुळीत, पेट्रोलने माखलेल्या नायलॉनला ते धरूनच राहात नाही. मामंजींना हे मी अजून सांगितलेले नाही.

यातला एक नायलॉनचा प्रकार एरंडेल तेलापासून तयार करतात, हे घरी आल्यावर वाचले. लहानपणी नाक दाबून प्यायलेले एरंडेल गाडीच्या पोटातही असते म्हणायचे!

खरे म्हणजे कंपनीचा अखंड नवा पाइप मिळाला तर तोच घालावा, असे काकांनी आधीच सांगितले होते. आमच्या मॉडेलचा तो मिळेना. तेव्हा त्यांनी कऱ्हाडहून त्याच मापाची इंधनाची नायलॉन नळी आणि दोन्ही बाजूंना खाचा असलेले जोड, ज्यांना गॅरेजात निपल म्हणतात, ते मागवून ठेवले. इंजिन पूर्ण थंड. आधी पंपाचा फ्यूज काढून ते गाडी सुरू करून आपोआप बंद पडू देतात म्हणजे पाइपातला दाब उतरतो. आमचा पाइप तर निसटलेलाच होता, त्यामुळे ते करायची गरज नव्हती आणि करणे धोक्याचेही होते. टाकीचे झाकण सैल केले, बॅटरीची काळी वायर सोडवली, खाली जुने फडके अंथरले. पाइपाच्या टोकाला प्लॅस्टिकचे चापाचे कनेक्टर असते. इतक्या वर्षांत त्याचे कान कडक होऊन ठिसूळ झालेले असतात, पकडीने ओढले की तुटतात. काकांनी ते बोटांनी दाबून, पुढेमागे हलवत, बाळाच्या बंद मुठीतून वस्तू काढावी तसे सोडवले.

मग पुढचा तुकडाच बाहेर काढून घेतला. नवे धारदार ब्लेड घेऊन सरळ काटकोनात काप दिला. हॅकसॉ वापरत नाहीत, कारण भुसा आत जाऊन इंजिनाच्या बारीक तोट्या बुजवतो. नायलॉन इतका कडक की निपल आत जाईना. काही जण इथे लायटर पेटवतात म्हणे! काकांनी शेजारच्या टपरीवरून चहाच्या भांड्यात उकळते पाणी मागवले, नळीचे टोक त्यात बुडवून मऊ केले आणि एका दमात निपल शेवटपर्यंत दाबून बसवला. गार झाल्यावर नळी त्या खाचांवर अशी आवळून बसते की मी आणि ह्यांनी दोन बाजूंनी ओढूनही हलली नाही. वर क्लिपची गरजच नाही. पाइप परत बसवताना कनेक्टरचा ‘टक्’ आवाज आला, तरी त्यांनी तो मागे ओढून पाहिला आणि सायलेन्सरपासून दूर, पत्र्याच्या कडेला घासणार नाही अशा बेताने बांधला.

तपासणी मला फार आवडली. गाडी सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. असे तीन-चारदा केले म्हणजे पाइपात पुरा दाब येतो. मग प्रत्येक सांध्याखाली कोरा कागद धरायचा. कागद कोरा राहिला तरच इंजिन सुरू, दहा मिनिटांनी पुन्हा कागद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. सगळे मिळून ९०० रुपये झाले. आधीचे १५० वाया गेले ते वेगळेच.

जाता जाता काका म्हणाले, एकदा अशी गाडी उचलून खालचे सगळे पाइप बघून घ्या. त्यांचे म्हणणे रास्त आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले, आणि त्याआधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. विशेषतः जुने रबर त्याने लवकर फुगते, तडकते. मीही आता दर सर्व्हिसिंगला नळ्या दाखवायला सांगते. गॅरेजवाले माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतात, पाहू देत. तुम्हीही सांगा. हे काम आपण घरी करायचे नाही, पण ‘नळी कसली घालताय, तिच्यावर काय छापलंय आणि आत खाचांचा जोड आहे का’ एवढे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

उंदरांचे म्हणाल, तर बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवा असे शेजारणीने सांगितले. मी ठेवली, पण चार दिवसांत वास उडाला आणि पाचव्या दिवशी पानांवर लेंड्या! औषध घालायला मी तयार नाही, उंदीर इंजिनाच्या कोपऱ्यात मेला तर तो काढणार कोण? ज्वारीचे पोते आत पत्र्याच्या डब्यात गेले, मुलांनी गाडीत सांडलेले शेंगदाणे-बिस्किटे रोज झाडायची, आणि रात्री चाकाशी भजे लावलेला पिंजरा. आतापर्यंत तीन सापडले. पुढच्या सीटखाली पावडरची एक किलोची आग विझवायची नळकांडीही ठेवली आहे.

गाडी आता फाटकाजवळ उभी असते, वृंदावनापासून लांब. तरीही सासूबाई रोज सकाळी आधी पोर्चच्या पायरीवर उभ्या राहून दोनदा खोल श्वास घेतात. "नाही गं आज," असे आत ओरडून सांगतात आणि मग काडी ओढतात.