बोल्ट घट्ट का राहतो?

शिरपूरला मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या गॅरेजात इंजिनाचे हेड बसवताना आपण पाहतो. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगप्रमाणे आखडू पाहतो. त्यामुळेच हेड आणि गॅस्केट ब्लॉकवर दाबून बसतात. पण पान्याला दिलेल्या पिळापैकी सुमारे ९० टक्के घर्षणातच खर्च होतो. ताणासाठी जेमतेम १० टक्के उरतो. म्हणून कोरडे ठेवायचे आटे तेलकट झाले, तर तेवढ्याच पिळात ताण वाढून बोल्ट तुटू शकतो. आटे गंजलेले असतील, तर हाताला घट्ट लागते. पकड मात्र ढिली राहून गॅस्केट जाते. तेव्हा हाताच्या अंदाजावर विसंबू नये. आटे साफ करून, टॉर्क-पान्याने, पुस्तिकेतल्या मापाने व क्रमाने, बहुधा मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळावे.