आधी भंगाराचा ढीग बघा

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई–आग्रा महामार्गावर, तापी ओलांडण्याआधी नरडाणा लागतं. महामार्गालगत एमआयडीसी, आणि गावाला सुरत–भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्टेशन. दिल्ली–मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यात धुळे–नरडाणा पट्ट्याचं नाव आहे. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाचा बोरविहीर–नरडाणा हा टप्पाही इथेच येऊन मिळायचा आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे मात्र प्रश्न साधाच असतो: पोरगं शाळा संपवून घरी बसलंय, आता पुढं काय? बऱ्याच घरांत ठरतं, आयटीआय कर, वेल्डरला लाग.

सरकारी कागदावर या ट्रेडला ‘संधाता’ म्हणतात. वर्कशॉपमध्ये तो शब्द कुणी वापरत नाही. आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो, एक वर्षाचा अभ्यासक्रम, एका तुकडीत 20 जण. 1950 साली सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेतला हा ट्रेड. वर्षाच्या 1,200 तासांपैकी 840 तास प्रत्यक्ष कामाचे. आकडा भरघोस वाटतो. पण 20 पोरं आणि चालू स्थितीतली चार मशीन असतील, तर एकेकाच्या वाट्याला किती येतं, हे ज्याचं त्यानं मांडून बघावं.

पहिल्या दिवशी रॉड चिकटतोच. होल्डरमध्ये 3.15 मिलिमीटरचा रॉड, मशीन शंभर-एकशेवीस अँपिअरवर, आणि काडेपेटी ओढावी तसा रॉड प्लेटवर घासायचा. पोरगं दचकून हात थांबवतं, रॉड प्लेटला धरतो, लाल व्हायला लागतो. निदेशक म्हणतात, होल्डर वाकडा कर, झटका दे. आठवडाभरानं आर्क टिकायला लागतो. आता तीन गोष्टी एकदम सांभाळायच्या: रॉडचा कोन, टोक आणि प्लेट यांतलं अंतर, पुढे सरकायचा वेग. त्यात रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात पुढे जाता जाता खालीही यायला हवा. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. जुनी पोरं तर काचेकडे न बघता नुसत्या आवाजावरून सांगतात की आर्क लांब झाला. बरोबर जमला की चरचराट एकसारखा येतो.

रन पुरा झाला की चिपिंग हातोडीनं स्लॅग उडवायचा, तारेचा ब्रश मारायचा आणि खाली काय निघतं ते बघायचं. कडेला खाच पडली म्हणजे करंट जास्त किंवा हात घाईचा; बारीक भोकं दिसली तर रॉड ओला किंवा प्लेटवर गंज. वरून देखणा दिसणारा जोडही बेंड टेस्टला उघडा पडतो. वेल्ड केलेली पट्टी प्रेसमध्ये इंग्रजी ‘यू’सारखी वाकवली की आतला कच्चा भाग चिरतो. सपाट जोडानंतर आडवा, मग उभा, शेवटी डोक्यावरचा. डोक्यावरच्या जोडात ठिणग्या गळ्यात पडतात. खानदेशच्या उन्हाळ्यात चामडी अ‍ॅप्रन नकोसा होतो, पण काढला की भाजतं. काचेविना आर्क बघितला तर रात्री डोळ्यात वाळू गेल्यागत होतं; हा धडा बहुतेकांना एकदाच लागतो.

कामाला तोटा नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, गेट, शेड यांची फॅब्रिकेशनची दुकानं गावोगाव आहेत. पण पैसा पाइपात आहे. 45 अंशांत तिरका, पक्का बांधलेला पाइप चहूबाजूंनी वेल्ड करायचा, ही ‘सिक्स-जी’ चाचणी. बॉयलरच्या प्रेशर पार्टवर हात लावायला तर त्या कामाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरची एक ट्यूब गळाली तरी संच बंद ठेवावा लागतो, तेव्हा असा माणूस शोधावा लागतो. पश्चिमेला त्याच रेल्वेमार्गावर सुरत, आणि सुरतेच्या पुढे हजिऱ्याचे अवजड कारखाने. आयटीआयचं प्रमाणपत्र तिथल्या फाटकापर्यंत नेतं. आत ठेवतो तो फाटकात दिलेला टेस्ट पीस.

माझं मत विचाराल तर अडचण मुलांची नाही, मालाची आहे. रॉड आणि प्लेट महाग, म्हणून सरावाला हात आखडता घेतला जातो. एकाच तुकड्यावर पुन्हापुन्हा रन मारून पोरं वर्ष काढतात, आणि मग कंपनी म्हणते, आम्हाला परत शिकवावं लागतं. अ‍ॅप्रेंटिसशिपच्या वर्षात ही कसर भरून निघते खरी, पण जागा चांगल्या कारखान्यात मिळाली तरच.

तेव्हा पालकांनो, ऑनलाइन अर्जात संस्थांचे पर्याय भरण्याआधी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन या. इमारत बघू नका. मशीन किती चालू आहेत, आर्गन आणि सीओटू वेल्डिंगचे सिलिंडर भरलेले आहेत की शोभेला, हे विचारा. आणि मागच्या बाजूला सरावाच्या प्लेटांचं भंगार किती पडलंय ते बघा. ढीग मोठा असेल तर मुलाचं नाव तिथं घाला.