फ्रिज थंड करत नाही? आधी पंखा तपासा



आज आपण फ्रिजबद्दल बोलणार आहोत. आता बऱ्याच गटांकडे फ्रिज आलाय. कुणी इडलीचं पीठ ठेवतं, कुणी पनीर, कुणी खवा. घरात फ्रिज बिघडला तर एका दिवसाची भाजी जाते. गटाचा फ्रिज बिघडला तर मालही जातो आणि गिऱ्हाईकही जातं.

गेल्या पाडव्याच्या आधीची गोष्ट. आमच्याकडच्या एका गटाला श्रीखंडाच्या ऑर्डरी होत्या. दोन दारांचा फ्रिज, गटाच्या कर्जातून घेतलेला. सणाला चार दिवस राहिले असताना खालच्या कप्प्यातला चक्का आंबला. दुरुस्तीवाला आला, आत हात घालून पाहिला आणि म्हणाला, "काँप्रेसर गेला, बदलावा लागेल." त्यानं सांगितलेली रक्कम गटाच्या दोन महिन्यांच्या बचतीएवढी होती. सगळ्या गप्प झाल्या. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "अहो, काल रात्री वर ठेवलेल्या पाण्याचा सकाळी बर्फ झालाय. काँप्रेसर गेला असता तर बर्फ कसा झाला असता?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. बिघाड पंख्यापाशी होता.

आता हा पंखा कुठे असतो ते बघू. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बहुधा पंखा नसतोच. तिथे बर्फाच्या कप्प्याच्या भिंतींवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला आपण बटण दाबतो. असा फ्रिज असेल तर आजची तपासणी त्याला लागू नाही. दोन दारांच्या फ्रिजमध्ये मात्र बर्फ आपोआप वितळायची सोय असते. त्याच्या वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला फटी असलेलं झाकण दिसतं. त्या झाकणामागे थंड होणारी नळी, म्हणजे कॉइल असते आणि तिच्याजवळ एक छोटा पंखा असतो. काँप्रेसर कॉइल थंड करतो. ती थंड हवा वरच्या आणि खालच्या कप्प्यात फिरवायचं काम पंखा करतो. पंखा थांबला की थंडावा वरच अडकतो. वर बर्फ होत राहतो आणि खाली दूध फाटतं.

म्हणून पहिली खूण लक्षात ठेवा. वर थंड आणि खाली गरम असेल तर आधी पंख्याचा संशय घ्यायचा. वरखाली दोन्हीकडे गरम असेल तर बिघाड बहुधा दुसरा असतो. वीज कमी दाबाची असेल, गॅस गळाला असेल किंवा काँप्रेसर चालत नसेल.

आता घरच्या घरी काय तपासायचं ते क्रमानं सांगते.

पहिलं, आतली मांडणी बघा. डबे, पिशव्या फटींना चिकटून ठेवल्या असतील तर पंखा चांगला असूनही हवा खाली येत नाही. फटींसमोर चार बोटं जागा मोकळी सोडा.

दुसरं, दाराचं रबर बघा. कागद दारात धरून दार बंद करा. कागद सहज निघाला तर तिथून बाहेरची दमट हवा आत जाते आणि त्या ओलाव्याचा बर्फ होतो. रबर कोमट पाण्यानं पुसा. फाटलेलं असेल तर बदलून घ्या.

तिसरं, पंख्याचा आवाज ऐका. मागून काँप्रेसरची घरघर येत असतानाच हे करायचं, कारण काँप्रेसर थांबला की पंखाही थांबतो. बऱ्याच फ्रिजमध्ये दार उघडलं की पंखा बंद होतो. चौकटीवर दारानं दाबलं जाणारं बटण असतं, ते बोटानं दाबून धरा. दोन्ही दारं उघडी असतील तर दोन्ही बटणं दाबा. आता फटीसमोर शिवणाचा दोरा धरा. दोरा हलला तर पंखा फिरतोय. बटण दिसत नसेल तर दार बंद करून कान लावा. फटीत बोट किंवा चमचा घालू नका.

दोरा हलत नाही आणि आवाजही नाही, तर पंखा बंद आहे. खरखर किंवा टकटक आवाज येत असेल तर पंख्याची पाती बर्फाला घासत असण्याची शक्यता जास्त.

चौथं, बर्फ वितळवून बघा. प्लग काढा, माल दुसरीकडे हलवा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि खाली जुनी साडी किंवा गोणपाट अंथरा. निदान एक दिवस तसंच राहू द्या. घाई करून सुरी किंवा उलथनं मारू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस जातो आणि खर्च कितीतरी वाढतो. शिवाय हल्लीच्या अनेक फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो. नंतर प्लग लावून थोडा वेळ थांबा. काही फ्रिजमध्ये कॉइल थंड झाल्यावरच पंखा सुरू होतो.

यातून दोन गोष्टी कळतात. बर्फ वितळल्यावरही पंखा फिरला नाही, तर मोटर, वायर किंवा ते दाराचं बटण बिघडलंय. उंदरानं वायर कुरतडल्याचंही आपल्याकडे घडतं. पंखा फिरला, पण आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा अडकला, तर दोष पंख्याचा नाही. कॉइलवरचा बर्फ वितळवायला एक हीटर असतो, तो अधूनमधून आपोआप चालतो. ते पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं. हीटर किंवा त्याला चालू-बंद करणारा भाग बिघडला, नाहीतर पाण्याची वाट तुंबली, तर बर्फ साचत साचत पंख्यापर्यंत पोचतो.

त्या गटाचं असंच झालं. बर्फ वितळवल्यावर फ्रिज आठ दिवस चांगला चालला, मग पुन्हा खालचा कप्पा गरम झाला. दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला त्यांनी हे सगळं सांगितलं. त्यानं मागचं झाकण काढून जळालेला हीटर दाखवला आणि बदलला. काँप्रेसर अजून तोच आहे.

इथून पुढचं काम मात्र जाणकाराचं. झाकण खोलणं, वायर जोडणं आपण करायचं नाही. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या माणसाला फ्रिज खोलू देऊ नका, कंपनीकडेच तक्रार नोंदवा.

दुरुस्तीवाल्याला नुसतं "थंड होत नाही" असं सांगू नका. वर बर्फ होतो का, पंख्याचा आवाज येतो का, बर्फ वितळवल्यावर किती दिवस चालला, हे सांगा. थोडा गॅस कमी झाला तरीही वर थंड आणि खाली गरम होऊ शकतं. म्हणून "गॅस भरावा लागेल" असं तो म्हणाला तर झाकण काढून कॉइल दाखवायला सांगा. गॅस कमी असेल तर कॉइलच्या थोड्याच भागावर बर्फ दिसतो. बदललेला जुना भाग मागून घ्या, बिल घ्या आणि गटाच्या वहीत नोंद करा.

शेवटी मालाबद्दल. खालच्या कप्प्यात तापमान ५ अंशांच्या आत हवं. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात घालून खालच्या कप्प्यात ठेवा आणि रोज सकाळी बघून लिहा. फ्रिज कधी बंद पडला ते माहीत नसेल, तर दूध, पनीर, चक्का यांचा वास चांगला आला तरी विकू नका. त्या गटानं आंबलेला सगळा चक्का टाकून दिला आणि निम्म्या ऑर्डरी परत केल्या. नुकसान झालं, पण गिऱ्हाईक टिकलं.

पुढच्या बैठकीला दहा मिनिटं काढा. सगळ्याजणी मिळून गटाच्या फ्रिजचा पंखा ऐका. चांगला चालतो तेव्हा त्याचा आवाज कसा येतो हे माहीत असलं, की बिघडल्यावर लगेच कळतं.