पाझरलेला ट्रॅक

20 सप्टेंबर 2001. इंग्लंडमधलं कॉर्बी गाव. ‘कार्ट’ या अमेरिकी मालिकेतल्या उघड्या चाकांच्या गाड्या रॉकिंगहॅमच्या कोऱ्या करकरीत ट्रॅकशेजारी तयार, आणि ट्रॅक ओला. पाणी आभाळातून नव्हे, खालून येत होतं. पावसाळ्यात आपल्याकडचं एखादं शेत उपळतं ना, तसा डांबरातून पाझर फुटला होता. गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. सराव नाही, पात्रता फेरी नाही.

रुमालाएवढ्या ओलीने एवढं काय बिघडतं? ताशी 346 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 96 मीटर. रॉकिंगहॅमवर एका फेरीचा सरासरी वेग इथवर पोहोचला. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर तिच्या वजनाहून कितीतरी अधिक. ट्रॅकचा आतल्या बाजूचा उतार जेमतेम 7 अंशांचा. त्याची मदत म्हणजे वजनाचा आठवा हिस्सा. उरलेलं सगळं हवेच्या दाबावर आणि टायरच्या पकडीवर. हे टायर तुळतुळीत, खाचा नसलेले. खाली आलेलं पाणी निसटायला वाटच नाही. क्षणभर रबर पाण्यावर तरंगतं, आणि बाहेर थेट भिंत. म्हणून अमेरिकेतही असा लांबट गोल ट्रॅक, म्हणजे ओव्हल, ओला असला की या गाड्या उभ्याच राहतात. त्यात आठवडाभरापूर्वीच जर्मनीतल्या लाउझिट्झच्या ओव्हलवरील अपघातात याच मालिकेतल्या ड्रायव्हर अलेक्स झानार्डीने दोन्ही पाय गमावले होते. ओव्हलवर गाडी घसरली की काय होतं, ते सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

ब्रुकलँड्सचा ट्रॅक 1939 मध्ये बंद झाला, त्यानंतर ब्रिटनमध्ये असा उतरता ओव्हल बांधला गेला तो हाच. अमेरिकेची लांबट गोलाई आणता आली, तिथलं कोरडं ऊन कुठून आणणार? माझ्या मते पहिला खर्च डांबराखालच्या निचऱ्यावर व्हायला हवा होता.

शनिवारी ट्रॅक सुकला एकदाचा. पण सप्टेंबरचा सूर्य थांबेना. 210 फेऱ्यांची शर्यत अंधाराच्या धास्तीने कापत कापत 140 वर आली. आणि झाली मात्र झकास! शेवटच्या फेरीत जील द फेरानने केनी ब्राकला मागे टाकलं.

2002 मध्ये दारिओ फ्रँकिटी जिंकला. पुढच्या वर्षी मालिका ब्रँड्स हॅचच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर गेली, रॉकिंगहॅमला परतली नाही. 2018 अखेर तिथल्या शर्यती थांबल्या, आणि ट्रॅकवर गाड्या साठवून ठेवू लागले.