ग्रीवा रोहिणी शस्त्रक्रियोत्तर रक्ताभिसरण उपद्रव

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या प्रमुख रोहिण्यांना (शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या रक्तवाहिन्यांना) ग्रीवा रोहिण्या म्हणतात. त्यांच्या अंतःस्तरात वसायुक्त पदार्थ साचून मार्ग अरुंद झाल्यास अथवा तेथील गुठळ्या निसटून मेंदूत अडकल्यास पक्षाघात होतो. हा साठा अंतःस्तरासह काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यविशारद मायकेल डबेकी यांनी १९५३ मध्ये यशस्वीपणे केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, लक्षणे दिसून आलेल्या व रोहिणी ७० ते ९९% अरुंद असलेल्या रुग्णांत, दोन वर्षांत त्याच बाजूच्या मेंदूला आघात होण्याचे प्रमाण केवळ औषधोपचाराने २६%, तर शस्त्रक्रियेने ९% आढळले. तथापि क्वचित या शस्त्रक्रियेमुळेच मेंदूस इजा होते. ही इजा रक्त कमी पडल्याने होते, तशीच ते अधिक झाल्यानेही होते.

न्यूनपुरवठा : शस्त्रक्रियेच्या वेळी रोहिणी चिमट्याने काही काळ बंद ठेवावी लागते. दुसऱ्या बाजूकडून पुरेसे रक्त न मिळाल्यास तात्पुरत्या नळीतून ते मेंदूकडे वळवितात. त्याची गरज विद्युत् मस्तिष्कालेखाने किंवा स्थानिक बधिरीकरणाखाली जागृत असलेल्या रुग्णाशी बोलून ठरविता येते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ॲस्पिरीन व शस्त्रक्रियेच्या वेळी हेपारीन देतात. रोहिणी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून छेद बहुधा ठिगळ लावून शिवतात.

अतिपुरवठा : निरोगी मेंदूतील सूक्ष्म रोहिण्या रक्तदाबाच्या चढउतारानुसार आकुंचन वा प्रसरण पावून रक्तप्रवाह स्थिर राखतात. दीर्घकाळ अपुऱ्या पुरवठ्यात राहिलेल्या भागातील रोहिण्या मात्र सतत प्रसरण पावलेल्या असतात व त्यांची आकुंचनक्षमता क्षीण होते. मुख्य मार्ग अचानक मोकळा झाल्यावर त्या वाढलेला दाब थोपवू शकत नाहीत. प्रवाह पूर्वीच्या दुपटीहून अधिक झाल्यास सामान्यतः त्याला अतिपुरवठा म्हणतात. त्यातून शस्त्रक्रियेच्या बाजूस तीव्र डोकेदुखी, आकडी, मेंदूची सूज व क्वचित प्राणघातक रक्तस्राव उद्भवतो.

प्रतिबंध : अत्यंत अरुंद रोहिणी, दुसऱ्या बाजूची बंद रोहिणी आणि अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना धोका अधिक असतो. असे रुग्ण आधीच हेरून त्यांच्या मेंदूतील प्रवाहाचे श्राव्यातीत तरंगांनी मापन करतात. मुख्य उपाय म्हणजे रक्तदाबाचे काटेकोर नियंत्रण. तो फार वाढू देत नाहीत, तसेच अतिरेकाने उतरवीतही नाहीत. मेंदूतील रोहिण्या आणखी प्रसरण पावविणारी औषधे शक्यतो टाळून लॅबेटॅलॉलसारखी औषधे वापरतात.

हा उपद्रव बहुधा पहिल्या आठवड्यात, परंतु कधीकधी सुमारे महिनाभरातही उद्भवतो. तोवर रुग्ण बहुधा घरी परतलेला असतो. म्हणून रक्तदाब नियमित मोजणे आणि नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी क्षुल्लक न समजता तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घेणे अत्यावश्यक असते. रक्तस्राव होण्यापूर्वी दाब आटोक्यात आल्यास रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो.