त्वचेवरील बदल : लपवू नका, वेळीच तपासून घ्या

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे. यकृत, रक्त, मज्जातंतू किंवा अंतःस्रावी ग्रंथी यांत बिघाड झाल्यास त्याची पहिली खूण अनेकदा त्वचेवर उमटते. खाज किंवा वेदना असेल तर मनुष्य दवाखान्यात जातो. जो चट्टा दुखत नाही, त्यावर मात्र मलम लावून तो विसरला जातो. पुढे दिलेल्या माहितीवरून आपल्या लक्षात येईल की, न दुखणाऱ्या खुणेचीच तपासणी प्रथम करून घेणे आवश्यक असते.

नोकरी, शिक्षण व व्यापारानिमित्त महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे उत्तर भारतात स्थायिक झाली आहेत. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील कारागीर पिढ्यान् पिढ्या परप्रांतात काम करीत आले आहेत. लखनौ व परिसरात राहणाऱ्या अशा मराठी कुटुंबांनी ही माहिती घरातील सर्वांना वाचून दाखवावी.

बधिर चट्टा

त्वचेवर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श, उष्णता वा वेदना जाणवत नसेल, तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. कानाच्या पाळ्या जाड होणे, भुवयांचे केस विरळ होणे, त्वचेवर गाठी येणे, हातापायांना मुंग्या येणे किंवा हातातील वस्तू निसटणे याही खुणा आहेत.

चट्टा असल्यास घरी एक साधी पडताळणी करता येते. व्यक्तीला डोळे मिटण्यास सांगावे. कापसाच्या टोकाने प्रथम निरोगी त्वचेला व नंतर चट्ट्याला हलकेच स्पर्श करावा आणि स्पर्श कोठे झाला हे तिला बोटाने दाखविण्यास सांगावे. चट्ट्यावरील स्पर्श ओळखता न आल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. मात्र स्पर्श ओळखता आला म्हणून निर्धास्त राहू नये. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

भट्टीजवळ किंवा स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांना चटका बसणे नवीन नाही. परंतु चटका बसूनही वेदना झाली नाही, किंवा फोड आल्यावरच भाजल्याचे कळले, तर तो कामाचा भाग समजू नये. हात बधिर होत असल्याची ती सूचना असू शकते. मज्जातंतूंची हानी वाढत गेल्यास बोटे वाकतात व जखमा चिघळतात. हे व्यंग वेळेवर औषध घेतल्यास टाळता येते.

कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार सर्व शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावा लागतो. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून होणारा संसर्ग लवकरच थांबतो. त्याला वेगळे ठेवण्याची आवश्यकता नसते. औषधांमुळे लघवीला काही काळ तांबडा रंग येतो व त्वचा काळपट दिसू शकते. त्यामुळे घाबरून उपचार मध्येच सोडू नये. लोकलज्जेपोटी रोग लपविण्याचेही कारण नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ च्या कायद्याने वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यात आली आहे.

दुधासारखे पांढरेशुभ्र डाग म्हणजे कोड. कोड हा कुष्ठरोग नव्हे आणि तो संसर्गजन्यही नाही. कोड असलेल्या काही व्यक्तींमध्ये थायरॉइडचा विकार आढळतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती तपासणी करून घ्यावी.

उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडील काही जिल्ह्यांत काळा आजार आढळतो. हा आजार होऊन गेलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर वा अंगावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे, पुरळ वा गाठी येऊ शकतात. या चट्ट्यांत संवेदना शाबूत असते. डॉक्टरांना पूर्वीच्या आजाराची माहिती अवश्य द्यावी.

मानेवरील काळी, जाडसर त्वचा

मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत त्वचा काळी, जाड व मखमलीसारखी झाली, तर तो मळ समजून घासू नये. घासल्याने ती जात नाही, उलट सोलवटते. शरीर इन्सुलिनला योग्य प्रतिसाद देत नसल्याची, म्हणजे मधुमेहाकडे वाटचाल होत असल्याची ती खूण असू शकते. वजन जास्त असलेल्या मुलांमध्येही ती दिसते. अशा वेळी रक्तातील साखर तपासावी. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास पुन्हा तपासणी करून निदान निश्चित केले जाते. याच टप्प्यावर आहार, व्यायाम व वजन यांकडे लक्ष दिल्यास मधुमेह लांबविता येतो. वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने आयुष्मान आरोग्य मंदिरात मधुमेह व रक्तदाबाची विनामूल्य तपासणी करून घ्यावी.

इतर खुणा

- डोळे व त्वचा पिवळी होणे, लघवी गडद होणे : कावीळ. नवजात बालकाला जन्मानंतर पहिल्या २४ तासांत पिवळेपणा आल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.
- पापणीच्या आतील भाग, जीभ व तळहात फिकट पडणे : रक्तक्षय.
- अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला दीर्घकाळ खाज : यकृत, मूत्रपिंड वा थायरॉइडचा विकार असू शकतो.
- नाकाच्या दोन्ही बाजूंस गालांवर लाली, सोबत सांधेदुखी व थकवा : ल्युपस या आजाराची शक्यता तपासावी.
- आकार किंवा रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ, अथवा महिनाभरात न भरणारी जखम : कर्करोगाची शक्यता तपासावी.

विलंब करू नये

तापासोबत लाल-जांभळे ठिपके आले आणि पारदर्शक काचेचा पेला दाबून धरल्यावरही ते फिके झाले नाहीत, तर त्वचेखाली रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी, तसेच कावीळ झालेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागल्यास, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मलम लावण्यापूर्वी

दुकानातून सल्ल्याविना घेतलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली व खाज तात्पुरती दबते, त्यामुळे रोगाची खूण पुसट होऊन निदान लांबते. गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग त्याने अधिक पसरतो, तर चेहऱ्याची त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे शासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या यादीत घातली. गोरेपणासाठी किंवा शेजाऱ्यांना गुण आला म्हणून ती वापरू नयेत.

तपासणीस जाताना

लखनौ येथे हजरतगंज भागातील डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी (सिव्हिल) रुग्णालयात किंवा घराजवळील शासकीय आरोग्य केंद्रात दाखवावे. त्या दिवशी चट्ट्यावर मलम, पावडर वा हळद लावू नये. चट्टा केव्हा दिसला, वाढला का, कोणती औषधे लावली, हे लिहून न्यावे. वापरलेल्या मलमाची नळी सोबत ठेवावी.

डॉक्टरांशी हिंदीत बोलताना एक काळजी घ्यावी. मराठीत आपण ‘बधिर’ म्हणतो, परंतु हिंदीत त्या शब्दाचा अर्थ ‘बहिरा’ असा होतो. म्हणून ‘यह जगह सुन्न है’ असे सांगावे. कावीळ म्हणजे ‘पीलिया’ आणि चट्टा म्हणजे ‘दाग’ किंवा ‘चकत्ता’.

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात स्वतःची व घरातील मुलांची त्वचा पाहावी. पाठ व मान दुसऱ्याकडून पाहून घ्यावी. नवीन चट्टा दुखत नसला तरी तो दाखवावा. वेळेवर दाखविलेल्या चट्ट्यामुळे एखाद्याचे हात कायमचे शाबूत राहू शकतात.